जनरेटर : वापर नाही

पाषाणला, सूस रस्त्याच्या वरच्या अंगाला
भाड्यानं घेतलेलं एक प्रशिक्षण केंद्र.
दारावर बॅनर : जलव्यवस्थापन कार्यशाळा, दिवस चार.
आत पाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

मी साउंडवाला. तापकीर गल्लीत माझा गाळा.
लग्नं, सोसायटीच्या सभा, अधूनमधून शोकसभा.
या खेपेला बावीस हेडफोन, एक काचेची खोली,
आणि एका कागदावर सही, की ऐकलेलं बाहेर जाणार नाही.
जाणार कुठून? मला त्यांच्या भाषेतलं
"नको" सुद्धा ओळखू येत नव्हतं.

टेबलाच्या त्या बाजूला सरकार, या बाजूला जंगल.
एकतीस वर्षं.
मधे सोल्वेगबाई, कुठल्याशा थंड मुलखातल्या.
दोघांची तिकिटं त्यांच्या सरकारनं काढलेली,
खोल्या, डाळभात, जंगलातल्या म्हाताऱ्याची नवी कवळी,
सगळं एकाच खात्यावर.
आपल्या घरचं भांडण मिटवायला
इतक्या लांबचा माणूस इतका खर्च का करतो,
हे मी इरफानला विचारलं.
तो म्हणाला, घरचे करतात का?

बुधवारी खाणीत सुरुंग उडाला. रोजचाच, अकराचा.
आम्ही मान वर केली नाही.
पण सरकार आणि जंगल
एकाच क्षणी टेबलाखाली होते,
डोक्यावर हात, कोपर एकमेकांत अडकलेले.
वर फक्त सोल्वेगबाई, पेन धरून,
आणि त्यांच्यासमोर रिकाम्या खुर्च्यांच्या दोन रांगा.

त्याच दिवशी माझी ट्यूब पेटली.
या दोघांची भाषा एकच होती.
हेडफोन त्यांच्यासाठी नव्हतेच.
सरकार बोलायचं ते सोल्वेगबाईंशी,
जंगल बोलायचं तेही त्यांच्याशीच;
काचेमागे खांबेटेबाई घाम पुसत
एकाच भाषेतलं दोनदा परक्या भाषेत नेत होत्या,
आणि नवरा-बायको अबोला धरून
पोराकरवी मीठ मागतात
तसं ते तीन दिवस चाललं होतं.

मग गुरुवार.
गुरुवारी पुण्यात लाइट जाते, हे
कुठल्याच परराष्ट्र खात्याला कुणी कळवलं नव्हतं.
मला ठाऊक होतं. जनरेटर मागे उभाच होता,
डिझेल भरलेला, दोरी माझ्या हातात.

खिडकीतून दिसत होतं :
पंखे थांबले. माइकचे लाल दिवे विझले.
सोल्वेगबाईंनी हेडफोन काढून हातात उलटासुलटा केला.
एक शांतता. तिच्यात कुकरची शिट्टी.
आणि जंगलातला तो म्हातारा, नव्या कवळीचा,
समोरच्या करड्या सुटाकडे बघून काहीतरी म्हणाला.
छोटंसंच. गावाचं नाव असावं.
करड्या सुटानं मान हलवली. नाही.
मग बोटानं टेबलावर नदीसारखी रेघ ओढली
आणि तिच्या अलीकडे पाण्याची बाटली ठेवली.
म्हाताऱ्यानं ती उचलून पलीकडे ठेवली.

इरफान म्हणाला, मालक, दोरी.
सोल्वेगबाई खिडकीकडे वळल्या होत्या, माझ्याकडेच.
त्यांचा हात थोडा वर आला,
आणि तसाच राहिला.
मी दोरी ओढली नाही.

बावीस मिनिटं.
आवाज चढले, एक खुर्ची पडली, ती उचलली गेली.
कुणी उचलली ते खांबामुळे दिसलं नाही.
खांबेटेबाईंना नंतर विचारलं, काय म्हणत होते?
म्हणाल्या, मी काचेच्या आत होते हो,
आणि चष्मा शोधत बसल्या. चष्मा डोळ्यांवरच होता.

लाइट आली. दोघं पुन्हा
सोल्वेगबाईंशी बोलायला लागले.
इतिवृत्तात त्या वेळेपुढे लिहिलं : तांत्रिक अडचण.

करार झाला का? नाही.
झाला असता तर एव्हाना मी सांगत सुटलो असतो,
सही गेली उडत.
दिवाळीआधी पेपरात आतल्या पानावर
चार ओळी होत्या त्या देशाबद्दल,
एका पुलाबद्दल, जो आठवड्यातून दोन दिवस उघडा राहील.
तोच पूल का, माहीत नाही.

थंड मुलखातून मेल आली, बिल बाबवार हवं.
हेडफोन बावीस, दिवस चार.
काचेची खोली एक. माणसं दोन.
जनरेटर : वापर नाही.
पैसे लावले नाहीत.
तरी ती ओळ मी ठेवली.