मूळ सापडत नाही

वीस गिगाबाइट, मी सांगितलं,
आणि एका ओळीत फाइल तयार.
एका आज्ञेने मोजली: वीस.
दुसरीने मोजली: शून्य.
दोघी खरं बोलत होत्या.
आकार होता, आत काही नव्हतं.

कुरेसारेच्या बंदरात कडेकडेने बर्फ धरत होता.
एंडेलचा प्रोग्राम समुद्राची पातळी मोजतो,
पण फक्त त्या जुन्या यंत्रावर,
ज्याचा पंखा आता खोकतो.
नव्या यंत्रावर तो तोंडच उघडत नाही.
म्हणून हे: फाइलीतलं यंत्र,
धूळ न खाणारं.

विभाग आखले. फाइल सिस्टीम अंथरली.
कर्नलला पटवलं, ही फाइल नाही, डिस्क आहे.
पॅकेजं उतरत राहिली एकामागून एक,
कॉफी निवली, दुसरी केली, तीही निवली.
मग मूळ बदललं.
ती एक तिरकी रेघ, जिच्यापासून सगळे रस्ते निघतात,
ती आता फाइलीच्या आत होती,
आणि मीही.

सुरू केलं.
काळ्या पडद्यावर: मूळ सापडत नाही.
पुन्हा. मूळ सापडत नाही.
रात्रीचे दोन. आडातच नाही
तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग एंडेलची जुनी स्क्रिप्ट उघडली,
नुसती चाळायला.
त्र्याहत्तराव्या ओळीवर, हॅशच्या मागे:
"माझ्या जागी जो कोणी बसला असेल त्याला.
इथे मी दोन दिवस घालवले.
डिस्कचं नाव लिहू नकोस, नावं बदलतात.
तिचा क्रमांक लिही."

लिहिला.
यंत्र जागं झालं, लॉगिन मागू लागलं,
जणू काही घडलंच नव्हतं.

शेवटी पुसापुशी. किल्ल्या, ओळखक्रमांक, नोंदी;
प्रतींना कुणाचं काही आठवता कामा नये.
डिस्कवरून आलेल्या इतिहासात एंडेलची शेवटची आज्ञा:
बाहेर पडायचं होतं, अक्षरं उलटसुलट पडलेली.
खाली तीच, नीट.
दोन्ही पुसल्या. आधी एकदा मोठ्याने वाचल्या.

सकाळी ओरिसारेच्या वृद्धाश्रमात फोन केला.
"चाललं," म्हटलं.
"आकडा किती?"
"उणे अकरा."
तो जरा थांबला. मागे कुणीतरी भांडी लावत होतं.
"मग वारा उत्तरेचा असेल," म्हणाला.

मी खिडकीकडे गेले.
बॉयलरचा धूर समुद्राकडे चालला होता.