झाकली मूठ

वेल्टानं टेबलावर ठेवला तो राखाडी पेनड्राइव्ह,
लोकरीचा धागा ओवलेला, गळ्यात घालता येईल असा.
"विल्निसचं एवढंच उरलंय. चालेल ना?"
मी चहा टाकला. लिएपायाच्या वाऱ्यानं
खिडकी सकाळपासून धडधडत होती.

फाइल एकच. अकरा मेगाबाइट, बत्तीस बिटांची.
नाव 'रक्स्त्स'.
आमच्या भाषेत नक्षीला हाच शब्द, लेखनालाही हाच.
लेखन गेलं. ज्या डिस्कवर होतं
ती त्यानंच पुसली, नवी सिस्टीम घालताना,
आणि आठवडाभर कुणाशी बोलला नाही.
नक्षी तेवढी राहिली, यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत.
मग त्याचं हृदय. मग तीन वर्षं.
आता तिच्या विणकामयंत्राचा जुना संगणक
सुरू होताना कण्हतो,
आणि नवा या फाइलला ओळख देत नाही.

ही मूठ मला उघडता येत नाही.
भाजलेल्या पावाचं पुन्हा पीठ होत नाही.
मी फक्त तिच्यावर हातमोजा चढवू शकते,
थंडीत बाहेर नेता येईल
इतपत.

आधी विचारलं तिला, कोण कोण लागतं सोबत?
नऊ लायब्रऱ्यांची नावं आली.
सातजणींपुढे पत्ता,
दोघींपुढे 'सापडली नाही'.
त्यातली एक तर साऱ्यांनी कधीच टाकून दिलेली;
जुन्या भांडारातून शोधून आणली
आणि हिच्याच खोलीत, उशाशी ठेवली,
बाकीच्या घराला तिचा उपद्रव नको.
वाट लिहून दिली: आधी इथं बघ, मगच बाहेर.

बसवल्यावर चालायच्या चार ओळी:
यंत्राच्या तारेला हात लावायची मुभा, वेल्टाच्या खात्याला.
काढताना चालायच्या तीन:
आणलं ते परत न्या,
तिच्या फोल्डरमधल्या नमुन्यांना मात्र शिवू नका.

परवाना.
इथं अडले. त्यानं कुठंच काही लिहून ठेवलेलं नव्हतं.
"मागेल त्याला द्यायचा तो," वेल्टा म्हणाली,
"धुरावलेले मासे द्यावेत तसा."
मग चष्मा लावून तिनंच लिहिलं,
बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर:
मी त्याची बायको. वाटा.
खाली तारीख. सही थोडी हललेली.

शेवटी, सवयीनं,
फाइलमधली वाचता येतील ती अक्षरं गाळून घेतली.
कचरा, कचरा, पोर्ट बंद आहे,
कचरा, नमुना फार रुंद आहे,
आणि मध्येच:
'वेल्टा, धागा परत तुटला. चिडू नकोस. मी येतोय.'

मी पडदा तिच्याकडे वळवला.
"हो, हे यायचं," ती म्हणाली,
"आणि तोही यायचा, जिन्यावरून, बोटांना सोल्डरचा वास."
जरा थांबून,
"अजून येतं."

बदलता येतं ते, मी सांगितलं.
बाइट मोजून, तेवढ्याच लांबीचं दुसरं काही
त्या जागी भरता येतं.
कप बशीत फिरवत राहिली ती.
खालून ट्राम गेली, चमचे किणकिणले.
"धागा तर तुटणारच," म्हणाली.

मी हात लावला नाही.

आवृत्ती १.४-१.
१.४ त्याचं. ते आता वाढायचं नाही.
आडव्या रेघेपलीकडचा आकडा माझा.
तपासणीच्या हत्यारानं कुरकुर केली,
मदतीचं पान नाही, मूळ लेखन नाही,
मी म्हटलं, माहीत आहे.
देखभाल करणाऱ्याच्या रकान्यात: रास्मा.

बुधवारी तिचा फोन.
आठ टोकांची चांदणी अख्खी विणून झाली,
डाव्या हाताची.
अक्षरं मात्र नव्या पडद्यावर मुंगीएवढी दिसतात,
काही करता येईल का?

रेघेपलीकडे मी दोन लिहिलं.