शेरा

किबर्गहून वार्ड्योला परतताना
रस्ता समुद्राखाली शिरतो.
तिथं रेंज जाते,
आणि ओडवारची रात्र
माझ्या मोबाइलच्या पडद्यावर नुसती गोल फिरत राहते :
पाठवत आहे, पाठवत आहे.

वर बर्फाळ समुद्र, खाली मी आणि गाडीचा हीटर.
तेवढी तीन मिनिटं तो
आमच्या लेखी कुठेच नसतो.
घरात असतो, अर्थात. खिडकीशी, लोकरी मोज्यांत.

चौकटी ठरलेल्या आहेत.
रक्तदाब : एकशे अडतीस, चौऱ्याऐंशी.
सूज : डावा घोटा, बोट दाबलं की खळगा राहतो.
जेवण : पूर्ण, अर्धं, नाही.
‘मांजरानं खाल्लं’ हा पर्याय नाही,
म्हणून अर्धं.
झोप : नाही.

डिसेंबरात, सूर्य उगवायचा बंद झाल्यावर,
तो एकदा म्हणाला,
रोज काय खरडतेस माझ्याबद्दल? वाच.
मी वाचलं. त्यानं ऐकलं
रेडिओवरचं हवामान ऐकावं तसं, डोळे मिटून.
मग म्हणाला, झोप लागली नाही, हे खोड.
मी जागा होतो.

फरक काय?

बेचाळीस वर्षं बोटीवर
दोन ते पाचचा पहारा माझा होता.
नोंदवहीत कुणी लिहिलं नाही
की ओडवारला झोप लागत नाही म्हणून.

खोडता येत नाही, एकदा भरलं की भरलं.
पण सगळ्यात खाली एक जागा असते, शेरा,
दोनशे अक्षरांची.
तिथं मी लिहिलं : दोन ते पाच पहाऱ्यावर.
वारा ईशान्येचा, त्याच्या सांगण्यावरून.

संध्याकाळच्या फेरीला मेब्राहतू असतो.
त्याला मी एकदाच पाहिलंय, गाडीची किल्ली देताना.
त्याचा शेरा आला :
सहा वाजता वारा पडला. मासा संपवला, सगळा.
मांजर बाहेर होतं, मी खात्री केली.
विचारत होता, अस्माराला समुद्र आहे का.
नाही म्हटलं. पण घाट उतरलं की आहे.

असं महिनाभर. सुजेखाली वारा,
गोळ्यांखाली भरती-ओहोटी.
ट्रोम्सोहून त्याची मुलगी गुन्व्होर फोन करायची :
मला हे सगळं दिसतं, पण हा वारा कशाला?
मी सांगितलं. ती म्हणाली,
त्यांनी आम्हालाही दुसरं कधी काही सांगितलं नाही.

मग ती सकाळ. गादी ओली होती.
मी चादर बदलत होते, तो भिंतीकडे बघत होता.
हे लिहिणार?
लिहावं लागतं.
तिला दिसणार?
हो.

वॉशिंग मशीन सुरू झालं, पाणी भरल्याचा आवाज.
मग तो म्हणाला, मेब्राहतूला दिसू दे.
तो पहारा घेणार आहे, त्याला माहीत हवं.
तिला नको.

मी मोबाइल त्याच्या हातात दिला.
गुन्व्होरच्या नावापुढची हिरवी खूण
त्यानं स्वतः काढली,
जाळ्यांच्या गाठींनी वाकलेल्या बोटानं,
तीनदा चुकून.

शुक्रवारी तिचा फोन :
मंगळवारपासून पान कोरं दिसतंय. बाबा बरे आहेत ना?
मी म्हटलं, त्यांनाच विचार.
तिकडून काही वेळ नुसता श्वास.
त्यांचा नंबर... थांब, आहे माझ्याकडे.

काय बोलले, मला ठाऊक नाही.
त्या रात्रीच्या शेऱ्यात मेब्राहतूनं एवढंच लिहिलं :
मी आलो तेव्हा फोनवर होता, हातानं गप्प बस म्हणाला.
रक्तदाब घेता आला नाही.
थांबलो. मांजराला मासा दिला.

बोगदा संपतो. चढावर खिशात
एकदा थरथरतं.
पोचलं असेल.
मी बघत नाही, रस्त्यावर बर्फ आहे,
आणि पुढच्या घरी आठ वाजताचं इन्सुलिन.