तात्पुरतं

कॅट म्हटलं की आख्खी फाइल अंगावर येते,
म्हणून आधी हेड. दहा ओळी.
शीत दाबून पाहावं तसं.

महिरपी कंसात महिरपी कंस,
आत टँकरचा नंबर, चालक, वस्ती, फेऱ्या.
सदरच्या या खोलीत साडेदहा वाजलेत,
भिंती अजून दुपारच्याच.
उद्या साहेबांना एकच आकडा हवा.

फाइलीत बुधवारच्या एकोणीस फेऱ्या,
अहवालात सतरा.
दोन टँकर पाणी गेलं कुठं बाप्पा?

ग्रेप वांजरा. ग्रेप वांजरी.
कोणी अनुस्वार पुढच्या अक्षरावर देतो,
यंत्राला ते वेगळंच गाव वाटतं.
तो घोळ निस्तरला. तरी सतराच.

मग खोब्रागडे सरांची स्क्रिप्ट.
लेस लावून, पान पान, काही न बदलता,
दुसऱ्याचा डबा उघडावा तशी.

सर रिटायर होऊन चार वर्षं झाली,
पण ओळींच्या मधे बसलेले आहेतच:
# कुलर बंद करून चालवा, व्होल्टेज पडते.
# हे काहून चालते माहीत नाही. हात लावू नये.
आणि एकशे बाराव्या ओळीवर, सहा वर्षांपूर्वीची तारीख,
# चिंचघाट. तात्पुरतं.
खाली चिंचघाट मोजणारी ओळ,
तिच्याही तोंडावर तीच जाळी.
ओळ जागेवर. मुकी.

जाळी काढायला एक बटण पुरतं.
काढली. चालवली. एकोणीस!
एकटीच हसले.

फोन केला. सर गच्चीवर, जागेच.
"नकाशावर चिंचघाट नाही, पौर्णिमा.
अहवालात दिसलं की वरचा विचारते,
कोणाच्या हुकमानं पाणी देऊन राहिले?
म्हणून पाणी जाऊ दिलं,
मोजू नाही दिलं."
मग जरा थांबून,
"कुलर बंद केला होता ना?"

टेल लावून फाइलीचं शेपूट पाहिलं.
आजचीच नोंद: चिंचघाट, फेऱ्या दोन,
चालक गुलाब कोहळे, पोच सकाळी ५:४०.
सहा वर्षांत तिथल्या पोरी
गुंड उचलण्याइतक्या झाल्या असतील.

जाळी परत लावली.
खाली माझी एक ओळ, तारखेसकट:
# तात्पुरतं. अजूनही.

कुलर बंद केला.
चालवली.
सतरा.