पाऊणपट

साखरीनाट्याच्या सोसायटीत वजनं लिहिणारा प्रोग्रॅम माझा.
तो कधीतरी, मध्येच, एखादी ओळ खातो.
रोज खात असता तर तासाभरात पकडला असता.

मेहरुन सोलकरनं स्क्रीन माझ्याकडे वळवला:
‘गुलबहार, बांगडा, चौदा टो’
आणि पुढे चौकोन, चौकोन,
विळीखाली साचलेल्या खवल्यांसारखे,
मग फाइलीच्या टोकापर्यंत नुसती शून्यं.
“मी काय चुकीचं दाबलं नाय हां,” ती आधीच म्हणाली.

डिस्क तपासली. चांगली.
मेमरी रात्रभर तपासत ठेवली. चांगली.
अँटिव्हायरस काढला, केबल बदलली,
हजार खोट्या बोटी, हजार खोटे बांगडे भरून पाहिले,
एकही नासला नाही.
मी आले की तो शहाणा,
डॉक्टरसमोर थांबणाऱ्या खोकल्यासारखा.

बिघाडाच्या तारखा पाठकोऱ्या पावतीवर मांडल्या:
पंचवीस ऑक्टोबर. नऊ नोव्हेंबर. आठ डिसेंबर.
तेरा जानेवारी. सहा फेब्रुवारी.
वार वेगळे, बोटी वेगळ्या, मासळीही वेगळी.

बर्फाच्या मशीनवरचे इब्राहिम होडेकर चहाला टेकले होते.
पावती लांब धरून वाचली, मग भिंतीवरचं कॅलेंडर.
“चतुर्थी. ही पण चतुर्थी.
तिथीची पाऊणपट कर. चार पाऊण तीन.
तीनला भरती भरते,
खाडीच्या तोंडाशी गाळ, बोटी तेव्हाच आत येतात,
आणि मी मशीन सुरू करतो.”

मशीन सुरू होताना ट्यूबलाइट क्षणभर डोळा मिटते.
सगळ्यांना ठाऊक होतं.
मी विचारलं नव्हतं.
आणि तीनलाच मेहरुन रोजचा हिशेब बंद करायची,
पोराची रिक्षा यायच्या आत.
टेबलाखालचा यूपीएस वर्षभर
फक्त हिरवा दिवा लावून बसलेला.

पण चूक विजेची म्हणून सुटता येत नाही.
जुन्या फाइलीवरच नवी लिहीत होते मी:
एक पाय धक्क्यावरून उचललेला,
दुसरा होडीत अजून टेकलेला नाही.
आता आधी वेगळ्या फाइलीत लिहिते,
शेवटचा बाइट डिस्कवर उतरल्याची खातरी करते,
मगच तिला जुनं नाव देते.

‘गुलबहार’च्या टोपल्या मेहरुननं आठवून भरल्या.
तांडेलालाही पटल्या.

तेरा जानेवारी मात्र बसत नाही.
दशमी. भरती सकाळीच येऊन गेलेली,
मशीन बंद, वीज सलग.
पावती अजून पर्समध्येच आहे.