पाण्याचा दिवस

कारखान्याच्या गेटला कुलूप लागलं तेव्हा
तीनशे डझन टॉवेलांचं चलन माझ्या हातात अर्धं होतं.
उरलेलं अर्धं बरेच दिवस डोक्यात चालू राहिलं.
मग तेही थांबलं.

नंतरचं विचारू नका.
पंख्याला तीन पाती होती, एवढं सांगता येईल.
वार कुठला ते कॅलेंडरला माहीत,
आणि कॅलेंडर ऑगस्टातच अडकलेलं.
गौरा सकाळी बालवाडीत जायची,
दुपारी यायची, झाकलेलं ताट तसंच बघायची,
बोलायची नाही.
तिचं न बोलणं आमच्याकडच्या कडक भाकरीसारखं,
पातळ,
आणि मोडलं की घरभर ऐकू जाणारं.

एकदा बाहेर पडलो होतो, दाढीचं ब्लेड आणायला.
सात रस्त्यावर येऊन उभा राहिलो.
सातांतला एकही रस्ता ओळख देईना.
रिक्षावाला थांबला, "कुठं जायचं, अण्णा?"
मी नुसताच बघत राहिलो.
"मग बाजूला तरी व्हा की ओ."
झालो बाजूला.
आठ महिने.

मार्चात गौराचं मनगट मोडलं, मोरीत घसरून,
आणि नेमका त्या रात्री पाण्याचा दिवस.
आमच्या बोळात पाणी पाचव्या दिवशी येतं,
कधी दोनला, कधी साडेतीनला,
चावीवाल्याचा डोळा लागला तर उजाडल्यावर.
आधी नळात हवा खोकते,
म्हाताऱ्यासारखी, घसा खरवडून,
मग गढूळ, मग पाणी.

"उठा," ती म्हणाली.
"हात धड असता तर सांगितलं नसतं."

उठलो. बॅरल भरला, घागरी, बादल्या,
कुकरसुद्धा भरला.
बंद करायचं भान राहिलं नाही.
काठावरून, उंबऱ्यावरून, चपला घेऊन
पाणी बोळात गेलं.
वरून येमुल अक्का तेलुगूत काहीतरी ओरडली.
कळलं नाही, पण बरोबरच असणार.

पुढच्या खेपेला गजर लावला.
आदल्या दिवशी बॅरल उलथा करून घासला,
तळाशी शेवाळ, आणि एक चमचा,
दोन वर्षं कामवालीवर आळ होता त्याचा.
मधले दोन दिवस काहीच केलं नाही.
तेही सांगतो, नाहीतर हिशेब जुळायचा नाही.

जुन्या चलनबुकाच्या मागं लिहायला लागलो:
आलं २.४०. गेलं ३.५५. प्रेशर कमी.
खाली सही.
सही कशाला, मलाही ठाऊक नाही.
सहीशिवाय माल गेटबाहेर सोडायचा नाही,
ही अठरा वर्षांची खोड.

आता मे.
संध्याकाळी येमुल अक्का कठड्यावरून वाकते,
"नीळ्ळु वच्चिनया?"
मी पानं मागं उलटतो, चष्मा वर सारतो,
"आज तीनच्या पुढं, अक्का. दोन खेपा झाल्या, उशीर होतोय."
बऱ्याचदा चुकतं.
तरी ती घागरी माझ्या शब्दावर मांडते.
इरण्णा चावीवाला त्याची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून हसतो,
"मला नाही माहीत ते तुम्हाला बरं माहीत!"

नोकरी नाही अजून.
अक्कलकोट रोडला दोन ठिकाणी जाऊन आलो,
"कळवतो" म्हणाले.
कळवतील, न कळवतील.
जाताना सात रस्ता लागला, तिथं थांबलो नाही,
एवढंच.

परवा रात्री
बॅरल काठाला दोन बोटं राहिला
आणि मी नळ फिरवला.
थेंब, थेंब, मग तोही नाही.
माझ्या हातानं काहीतरी थांबलं होतं
आणि हात अजून नळावरच होता.

मागं वळलो तर गौरा दारात,
केस बांधत, दोन्ही हात वर.
प्लास्टर निघून महिना झाला असेल.
ती बोलली नाही.
मीही वहीत वेळ लिहिली,
सही केली,
आणि दिवा घालवला.