नॉइज रिडक्शन : शून्य

दाभोळच्या धक्क्यावरून चढ चढलं की तिसरं घर.
खालच्या खोलीत अजून जाळ्यांचा वास,
वरच्या हॉलमध्ये पंच्याहत्तर इंची टीव्ही
आणि कुवेतहून आणलेला अठरा किलोचा रिसीव्हर.
खाऱ्या हवेनं त्याचे मागचे स्क्रू
सहा महिन्यांतच तांबूस केलेले.

मी खाडीपलीकडचा, गुहागरचा.
वायरचं भेंडोळं खाली ठेवायच्या आत
दिलावर मुकादमांनी विचारलं,
"चित्र सुधारायचं काम कुणाला द्यायचं?
याला की त्याला?"

मी म्हटलं, होडीला तांडेल एकच.
दोघांनी सुकाणू धरलं
तर माणसं मेणाची दिसतात.

मग त्यांनी कॅसेट काढली.
ब्याण्णव सालची,
चिपळूणच्या फोटोवाल्याकडून
भाड्यानं कॅमेरा आणून काढलेली,
कुवेतला जाऊन, चौदा इंची पडद्यावर झिजून
परत आलेली.

असल्या टेपवर चित्र अर्धं अर्धं येतं:
आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या.
म्हणजे कुठल्याही क्षणी
अर्धीच आई.
उरलेली यंत्रानं अंदाजानं भरायची.
कुणाचा अंदाज बरा, एवढाच प्रश्न.

आधी टीव्हीला दिलं.
अफ्फाननं रिमोट घेऊन सगळं वर सरकवलं,
तरुण पोरं सरकवतात तसं.
अंगणातली कोंबडी हवेतून पोहत गेली.
चटईवर जवळा वाळत घातलेला,
हजारो ठिपके, वर माश्यांची ये-जा,
टीव्हीला वाटलं, ही घाण.
त्यानं तो झाडून टाकला.
राहिली सपाट तपकिरी चटई.

"जवळा कुठं गेला?"
रुकय्याबी दारात उभ्या होत्या,
हातात अर्धी सोललेली कोळंबी.

तेवढ्यात आई वळली कॅमेऱ्याकडे.
गाल गुळगुळीत.
देवीचे वण होते म्हणे दोन्ही गालांवर,
कपाळावर तर दाट.
एकही नाही.

"ही आय नाय," रुकय्याबी म्हणाल्या,
"ही साबणाच्या जाहिरातीतली बाई."

दिलावर बराच वेळ गप्प.
मग हळूच,
"राहू दे की गो.
तिला कुठं आवडायचे ते?
फोटो काढायला आलं कुणी
की पदर ओढायची तोंडावर."

"पदर तिनं ओढायचा.
डब्यानं नाय."

कुणी काही बोललं नाही.
खाली धक्क्यावर बर्फ फोडत होते.

मी रिसीव्हरला सांगितलं, फक्त ओळी जोड.
बाकी सगळं शून्य.
टीव्हीला टाकलं गेम मोडवर,
म्हणजे येईल ते दाखव, हात लावू नको.
अफ्फान हसला, "दादी गेम मोडमध्ये!"
बाजूच्या काळ्या पट्ट्या त्याला खटकत होत्या,
चित्र ताणून भरा म्हणाला.
मी म्हटलं, आजी जाडी होईल.

आवाज ओठांपुढे धावत होता,
साठ मिलिसेकंद मागे ओढला.

आणि मग ती आली,
दाणेदार, खालच्या कडेला फाटलेली,
जवळ्याच्या ठिपक्यांत उभी.
कुठला ठिपका टेपचा, कुठला गालाचा,
मला सांगता आलं नसतं.
रुकय्याबींना येत होतं.
"दिलावर, पापड पोचले काय रे?"
ती म्हणाली, आणि पदर ओढला.

त्र्याहत्तर वर्षांचे दिलावर
टीव्हीला म्हणाले, "पोचले."

निघताना बिलाची गोष्ट निघाली.
"तू तर सगळं बंदच केलंस.
बंद करायचे किती?"
मी निम्मे सांगितले.
त्यांनी पुरे दिले, वर कुरकुर केली.
रुकय्याबींनी पेपरात बांधून जवळा दिला.

शेवटच्या फेरीबोटीत
मी बाइकला टेकून उभा.
धोपाव्याचे दिवे पाण्यावर तुटक,
ओळ, काळोख, ओळ.
शेजारच्या माणसानं पिशवीच्या वासानं नाक मुरडलं.
मी पिशवी या हातातून
त्या हातात घेतली.